वाचकांच्या शिफारशी: मागे राहिलेल्या कादंबऱ्या आणि हाताशी ठेवायची पुस्तके

लासलगावचे नाव देशभर पोचले ते कांद्यामुळे. 1947 पासून इथे बाजार समिती आहे आणि इथल्या लिलावात काय भाव निघाला, याची चौकशी पार दूरच्या शहरांतून होते. याच निफाड तालुक्याला ग्रंथांचीही एक परंपरा आहे. तिची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1842 साली निफाडला जन्मले. कुसुमाग्रजांचे बालपण पिंपळगाव बसवंतला गेले. रानड्यांनी मराठी ग्रंथकारांना पहिल्यांदा एकत्र बसवले आणि कुसुमाग्रजांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानच्या पुस्तकपेट्या आज गावोगाव फिरतात. चांगले पुस्तक शोधावे कसे आणि ते दुसऱ्याला सुचवावे कसे, हा विषय म्हणूनच लासलगावात बसून मांडावासा वाटतो.

या लेखात दोन प्रकारच्या पुस्तकांचा विचार आहे. पहिला प्रकार मागे राहिलेल्या कादंबऱ्यांचा: ज्यांचा जाणकारांत गौरव झाला, पण ज्या सामान्य वाचकाच्या हाती पडल्या नाहीत, किंवा एका पिढीने वाचल्या आणि पुढच्या पिढीला त्यांचे नावही सांगितले नाही. दुसरा प्रकार कामाच्या पुस्तकांचा: शेती, स्वयंपाक, शिवण, साठवण, घरबांधणी, व्यायाम. एखादे काम कसे करावे ते जी सांगतात, ती पुस्तके. कादंबऱ्यांना निदान परीक्षण लाभण्याची आशा असते. कामाच्या पुस्तकाकडे समीक्षक सहसा वळतही नाही. दोन्ही प्रकार तगून राहिले आहेत ते एका वाचकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. ग्रंथालयात ही दोन कपाटे वेगळी असतात आणि एका कपाटाचा वाचक दुसऱ्यापाशी क्वचितच थांबतो. माझ्या मते दोघांच्याही उपेक्षेचे मूळ बरेचसे या फारकतीत आहे. म्हणून वाचकांनी ही दोन्ही कपाटे एकत्र उघडून पाहावीत, एवढीच या लेखनामागची इच्छा.

थोडा इतिहास आधी पाहू. 1878 च्या मे महिन्यात रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनांची सुरुवात तिथून मोजतात. पण त्या सभेमागे मुख्य काळजी होती ती छापलेल्या पुस्तकांना वाचक आणि ग्राहक कसे मिळतील याची. पुढे 1885 च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्यांच्या पुस्तकांत उतरत नाही, त्यांच्याशी आपला मेळ कसा बसावा, असा त्यांचा सवाल होता. वाचकांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. कोणती पुस्तके पुढे येतात आणि कोणती मागे राहतात, हे केवळ गुणांवर ठरत नाही. शिफारस करणारा कोण आहे आणि तो कुठे बसला आहे, यावरही ते ठरते.

फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचे विवेचन म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण शेवटाकडे त्यात पाणी आणि माती धरून ठेवणारे तालीवजा बंधारे, मेंढरांची चांगली बेणी, शेतीची प्रदर्शने आणि बक्षिसे असे अगदी कामाचे उपाय आहेत, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. फुल्यांच्याच सत्यशोधक परंपरेतल्या कृष्णराव भालेकरांनी 1888 मध्ये ‘बळीबा पाटील’ ही 1877 च्या दुष्काळाभोवतीची कादंबरी लिहिली. मराठी ग्रामीण कादंबरीचा उगम शोधणारे तिच्यापाशी येऊन थांबतात. सामान्य वाचकाला मात्र ती आजही अनोळखी आहे. असूड आणि बळीबा एका पाठोपाठ एक वाचा. उपाय सांगणारे पुस्तक आणि माणसे दाखवणारे पुस्तक एकाच दुष्काळी मुलखातून कसे निघते, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

पुस्तके गावापर्यंत नेण्याचे काम करणाऱ्यांतही नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. जिथे ग्रंथालय नव्हते त्या गावी लाकडी पेटीतून पुस्तके जात, वाचून झाली की पेटी पुढच्या गावी निघे. जवळजवळ शंभर वर्षांनी, 2009 मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी तिची अदलाबदल होते. या पेट्या परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही पोचल्या. अशा योजनेत पुस्तके निवडणारा महत्त्वाचा, तसा पेटी पुढे देताना ‘यातले हे आधी वाचा’ असे सांगणारा वाचकही महत्त्वाचा. पेटीतली सगळीच पुस्तके कुणी वाचत नाही. सांगितलेले एखादे मात्र हमखास वाचतो.

आता कादंबऱ्यांकडे वळू. नव्या वाचकाने सुरुवात ओळखीच्या नावाच्या अनोळखी पुस्तकापासून केलेली बरी. कुसुमाग्रज आपल्याला कवी आणि नाटककार म्हणून पाठ असतात. पण ‘वैष्णव’, ‘जान्हवी’ आणि ‘कल्पनेच्या तीरावर’ या त्यांच्या कादंबऱ्या आहेत, हे त्यांच्याच तालुक्यात किती जणांना माहीत असते? ग्रंथालयात ‘वैष्णव’ मिळाली तर शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी जरूर पाहा. अशा चिठ्ठीवर दोन शिक्क्यांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर आढळते, आणि पुस्तक मागे पडणे म्हणजे काय ते दुसऱ्या कुणी समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर वाचकांनी बोलीतल्या कादंबऱ्या घ्याव्यात. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ 1971 ची. गावात शिवणकाम करणाऱ्या गंगाराम शिंप्याच्या घराची ही गोष्ट त्याची बायको मराठवाडी बोलीत सांगते. पहिली दहा पाने अडखळायला होईल. तेव्हा पुस्तक खाली ठेवू नका, ती पाने मोठ्याने वाचा. शक्य असेल तर घरातल्या वयस्कर बाईंना वाचून दाखवा. डोळ्यांना अवघड गेलेले वाक्य कानाला लगेच कळते, कारण ते मुळात बोललेले वाक्य आहे. सांगणारी बाई आपल्या दुःखाचे भांडवल करत नाही. घरात काय शिजले, कोण आले, कोण काय बोलले, असे सांगत जाते आणि त्या सांगण्यातूनच एका संसाराची पडझड उभी राहते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) वऱ्हाडी बोली आहे आणि घर सावरू पाहणारी कौतिक आहे. जाणकार या कादंबरीला मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत मोजतात. तरीही एखाद्या नव्या वाचकाला विचारा, कौतिकचे नाव त्याने ऐकलेले नसण्याचीच शक्यता अधिक. हमीद दलवाई समाजसुधारक म्हणून ओळखले जातात. कोकणातल्या एका गावातले हिंदू-मुसलमानांचे ताणलेले संबंध टिपणारी त्यांची ‘इंधन’ (1965) त्या ओळखीमागे झाकली गेली. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे तिला उपेक्षित म्हणणे धाडसाचे ठरेल. पण शिकूनही नोकरी न लागलेला तिच्यातला एकनाथ ज्या घरांत आहे, त्या घरांत ती पोचली का, हा प्रश्न उरतोच.

कामाच्या पुस्तकांचे वाचन निराळ्या सवयीने करावे लागते. मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 चे, आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याच्या मापाने किती घरांना स्वयंपाक शिकवला याची मोजदाद नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ अनेक शेतकऱ्यांच्या घरी असते. ती रोज उघडली जाते, पण ‘तुम्ही काय वाचता’ या प्रश्नाच्या उत्तरात तिचे नाव कुणी घेत नाही. ते घ्यावे. गारगोटीला गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी द्राक्षबागायतदारांना आपापल्या बागेत प्रयोग करायला आणि त्यांचे अनुभव एकमेकांना कळवायला लावले. त्यातून प्रयोग परिवार उभा राहिला आणि त्या विचाराचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तकही. निफाडसारख्या द्राक्षाच्या तालुक्यात ते घरोघरी असायला हवे.

कामाचे पुस्तक चांगले आहे की नाही हे कसे ओळखाल? तुम्हाला जे काम हातचे येते, त्याचे पान आधी उघडा. लासलगावच्या वाचकाला कांद्यापेक्षा चांगली कसोटी कुठली मिळणार? उन्हाळ कांद्याच्या साठवणीवरचे प्रकरण काढा. ‘कांदा नीट वाळवून हवेशीर जागी ठेवावा’ एवढेच लिहिले असेल तर लेखकाने कांद्याची चाळ दुरून पाहिली आहे. साधारण निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, उपटलेला कांदा त्याच्याच पातीने झाकून काही दिवस वाफ्यातच सुकू द्यावा, पात कापताना बोटभर मान ठेवावी, जाड मानेचे, जोड आणि डेंगळे आलेले कांदे चाळीत भरू नयेत, चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असावा म्हणजे खालून हवा खेळते, असे क्रमाने आणि कारणासह सांगितलेले असेल, तर त्या लेखकाचे हात मातीत गेले आहेत. जे पुस्तक बिघडल्यावर काय करावे हेही सांगते, ते विकत घ्यावे. ज्याचे सगळे बेत पहिल्याच खेपेला जमतात, ते ग्रंथालयातून आणून परत करावे.

इथे एक इशारा देणे भाग आहे. जुन्या कामाच्या पुस्तकातली पद्धत टिकते, औषध टिकत नाही. एंडोसल्फान एके काळी शेतीच्या सल्ल्यात सर्रास सुचवले जाई. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. तेव्हा वाचकांनी अशा पुस्तकाच्या आवृत्तीचे वर्ष आधी पाहावे. मशागत, रोपवाटिका, पाण्याची पाळी, जनावरांची निगा यावरचा मजकूर विश्वासाने वाचावा. फवारणी, मात्रा, सरकारी योजना आणि कायदे यांसाठी मात्र चालू वर्षाचीच माहिती घ्यावी. जुने पुस्तक दुसऱ्याला सुचवताना हे सांगायला विसरू नये, कारण कादंबरी चुकीची सुचवली तर एक संध्याकाळ वाया जाते, कामाचे पुस्तक चुकीचे सुचवले तर हंगाम जातो.

मग शिफारस करावी कशी? ‘फार सुंदर पुस्तक आहे, नक्की वाचा’ या वाक्याने आजवर क्वचितच कुणाला पुस्तक उघडायला लावले असेल. लिलावात व्यापारी ट्रॅक्टरमधल्या ढिगात हात घालून खालचा कांदा वर काढून पाहतो आणि मगच बोली लावतो. शिफारस करणाऱ्यानेही पुस्तकातली एखादी आतली गोष्ट अशी वर काढून दाखवावी. पुस्तक कोणासाठी आहे ते सांगा. अवघड कुठे जाईल तेही सांगा, ते लपवू नका. उदाहरणार्थ: ‘ज्यांच्या घरी शिवणाचे यंत्र चालले आहे त्यांनी पाचोळा वाचावी, बोली सुरुवातीला अडवेल, पण सांगणाऱ्या बाईचा आवाज एकदा कानात बसला की मग पुस्तक सुटत नाही.’ इतके पुरते. कथानक सांगत बसू नये. ऐकणाऱ्याच्या वाट्याचे काढून घेतल्यासारखे होते.

आणखी एक करता येईल. कादंबरी आणि कामाचे पुस्तक जोडीने सुचवा. ‘बारोमास’बरोबर ‘विपुलाच सृष्टी’ द्या: एकात शेतीने मोडत चाललेले घर आहे, दुसऱ्यात थोड्या जागेत आणि थोड्या पाण्यात काय उभे करता येते त्याचा हिशेब आहे. नुसती कादंबरी वाचून मन खचू शकते, नुसते प्रयोगाचे पुस्तक वाचून शेतकऱ्याची अडचण फक्त तंत्राचीच आहे असे वाटू शकते. दोन्ही वाचणारा अधिक नेमके प्रश्न विचारतो.

ज्यांना या वाटेने आणखी पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी मोठा आधार शं. ग. दाते यांनी उभा करून ठेवला आहे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त 1800 ते 1937 आणि पुढे 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची विषयवार नोंद आहे. कादंबऱ्यांइतक्याच निगुतीने दात्यांनी पाककला, शेती, वैद्यक, सुतारकाम अशा विषयांवरची पुस्तकेही नोंदवली. छापलेल्या पुस्तकांत त्यांनी पंक्तिभेद केला नाही. ही सूची कुठूनही उघडावी आणि आपल्या धंद्याचा विषय काढून पाहावा. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. दाते यांची सूची चाळताना ते सूत्र किती मोठ्या कामाची हाक आहे हे कळते.

सूचीत भेटलेले पुस्तक बाजारात नसेल तर निराश होऊ नका. आधी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. 1967 च्या कायद्याने राज्यातल्या ग्रंथालयांना वर्गवार अनुदान मिळते आणि लहानशा ड वर्गाच्या ग्रंथालयातही कधी कधी अनपेक्षित जुनी प्रत निघते. तिथे नसेल तर नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहे. 1893 पासूनच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपली कितीतरी दुर्मिळ पुस्तके संगणकावर आणून सर्वांना खुली केली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रत मिळाली की वाचून झाल्यावर देवघेव करणाऱ्या ग्रंथपालांना तुमचे मत सांगा आणि पुढे कोणाला द्यावे तेही सुचवा. त्या टेबलापाशी रोज कुणीतरी ‘काहीतरी चांगले द्या’ म्हणत उभे असते, आणि तुम्ही सांगितलेले नाव ग्रंथपालांच्या कामी येते.