वत्सगुल्मातील तिखट

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला. विवाह गांधर्व, तेव्हा पंगत बसली नसावी. बसती तरी पानात ठेचा नसता. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज १४९८ मध्ये भारतात पोहोचले आणि त्यांच्यामागून ती आली. मग वत्सगुल्माचे तिखट कोणते? मिरे, सुंठ आणि पिंपळी, म्हणजेच आयुर्वेदाचे त्रिकटू. वऱ्हाडी झणझणीतपणाला ‘प्राचीन’ म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे तो एवढ्यापुरताच. (ज्वारीच्या भाकरीवरील ठेच्याशी मुळीच नाही!)

या नवागत फळाने जुन्या मसाल्याचे नावही उचलले. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे, त्यावरून मिरची. पिंपळीचे नाव तर समुद्रापार गेले. ‘पिप्पली’ची ग्रीकांत ‘पेपेरी’ व लॅटिनमध्ये ‘पिपेर’ झाली, आणि त्याच कुळातील स्लाव्ह शब्दावरून हंगेरीत मिरचीच्या लाल पुडीला ‘पाप्रिका’ म्हणू लागले. फळ अमेरिकेचे, आणि वाशीम काय नि बुडापेस्ट काय, दोन्हीकडे त्याची नावे भारतीय मसाल्यांची. पिंपळी स्वतः मात्र आमच्या फोडणीतून गेली. ती आता काढ्यापुरती उरली आहे.