सुप्याची होळी आणि कर्जाची हप्तेबंदी : १८७९ च्या एका कायद्याची कहाणी

१.
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे आठवड्याचा बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून आलेला शेतकऱ्यांचा जमाव बघता बघता सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. जमावाला मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. हाती लागलेल्या कागदांची भर बाजारात होळी करण्यात आली.

२.
पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखली जाते. बहुतेक गावांत रीत एकच होती. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर त्याला सहसा इजा होत नसे. नकार दिला तर मात्र घरादारावर संकट येई. रक्तपात फारच थोडा झाला. हा रोष माणसापेक्षा कागदावर अधिक होता. तो का, हे समजले म्हणजे पुढचा कायदा समजतो.

३.
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव कडाडले. दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली, सावकार सढळ हाताने पैसे देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराचा हात आखडला. पाठोपाठ अनेक तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि काही ठिकाणी सारा निम्म्याहून अधिक वाढला. उत्पन्न घटले, देणे वाढले, आणि जुने कर्ज मात्र जागेवरच होते.

४.
त्या कर्जाला एका कायद्याने विचित्र वळण दिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करणे आवश्यक झाले. वर्षानुवर्षे व्याज साचत राहू नये, असा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुनी मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज नव्या रोख्यावर ‘मुद्दल’ म्हणून चढू लागली.

५.
याचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. कर्ज १०० रुपये. व्याज दरमहा शेकडा २, म्हणजे वर्षाला २४ रुपये. तीन वर्षांनी रोखा १७२ रुपयांचा होतो. सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५ रुपयांचा. मधल्या काळात शेतकऱ्याने धान्याच्या रूपाने काही फेडले असेल. पण पावती नसेल तर त्या फेडीला पुरावा नाही. न्यायाधीशासमोर येतो तो केवळ शेवटचा रोखा, आणि त्यावर शेतकऱ्याचा अंगठा असतो.

६.
या देशाला ‘दामदुप्पट’ हा जुना दंडक ठाऊक होता. थकलेले व्याज मुद्दलीपेक्षा अधिक होऊ द्यायचे नाही, म्हणजे एका वेळी दुपटीहून जास्त मागायचे नाही, असा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या व्यवहारांना हा नियम लागूही होता. परंतु दर तीन वर्षांनी मुद्दलच नवी होत असेल, तर दुप्पट कशाची मोजायची? नियम पुस्तकात शाबूत राहिला आणि व्यवहारात निरुपयोगी झाला.

७.
त्यात भर म्हणजे १८५५ मध्ये व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा उठली होती. दिवाणी न्यायालय दूरच्या गावी असे. निरक्षर शेतकरी तेथे जातच नसे, आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होई. हुकूमनामा हाती आला की जमीन, गुरे, घर यांवर जप्ती आणता येई. ऋणकोला तुरुंगातही धाडता येई. अनेकदा तुरुंगाची नुसती धमकी पुरेशी ठरत असे. ती ऐकून शेतकरी आणखी एका रोख्यावर अंगठा उमटवीत असे.

८.
दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारले गेल्याचे दिसून आले. आयोगाचा अहवाल आला, पण कायदा लगेच झाला नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. पुण्याच्या परिसरातील असंतोषाकडे दुर्लक्ष करणे आता सरकारला परवडणारे नव्हते.

९.
१८७९ चा सतरावा कायदा या पार्श्वभूमीवर संमत झाला. त्याचे नाव ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो केला गेला. कर्ज हप्त्याहप्त्याने फेडू देण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला, म्हणून तो अनेकांना परिचित आहे. पण त्याची खरी ताकद हप्त्याच्या आधी येणाऱ्या पायऱ्यांत होती.

१०.
पहिली पायरी : रोख्याच्या मागे जाणे. शेतकऱ्यावरचा दावा तो राहतो त्या भागातील न्यायालयातच चालावा, असे ठरले. शेतकऱ्याने कर्ज कबूल केले तरी न्यायाधीशाने तेवढ्यावर थांबायचे नव्हते. मुळात किती रुपये हातात पडले, केव्हा पडले, त्यावर काय फेडले गेले, हा सारा इतिहास व्यवहाराच्या आरंभापासून तपासायचा होता. अंगठ्याचा ठसा हा आता अखेरचा शब्द राहिला नाही.

११.
दुसरी पायरी : हिशेब नव्याने मांडणे. मुद्दलीचे खाते वेगळे, व्याजाचे वेगळे. रोखे बदलताना मुद्दलीत मिसळलेले व्याज सामान्यतः बाहेर काढायचे. आकारायचे ते सरळ व्याज. ठरलेला दर अवाजवी वाटला तर न्यायालयाने वाजवी दर लावायचा. केलेली फेड आधी व्याजात आणि उरली तर मुद्दलीत वळती करायची. शेवटी व्याजाची बाकी मुद्दलीच्या बाकीहून अधिक निघाली, तर मुद्दलीच्या बाकीची दुप्पट एवढेच येणे धरायचे. दामदुप्पट पुन्हा जिवंत झाली, आणि या वेळी खऱ्या मुद्दलीवर.

१२.
वरचा काल्पनिक हिशेब या रीतीने पुन्हा मांडून पाहावा. १०० रुपयांवर बारा वर्षांचे सरळ व्याज २८८ रुपये होते. ते मुद्दलीहून अधिक आहे, म्हणून एकूण येणे २०० रुपये, ८७५ नव्हे. समजा, न्यायालयाने दर वर्षाला शेकडा १२ वर आणला आणि शेतकऱ्याने दरवर्षी १५ रुपये फेडल्याचे सिद्ध झाले. मग पहिल्या वर्षी १२ रुपये व्याजात जातात आणि ३ रुपये मुद्दलीतून वजा होतात. असे करीत बाराव्या वर्षाअखेर बाकी उरते सुमारे २८ रुपये. कर्ज तेच, माणसेही तीच. फरक फक्त हिशेबाच्या पद्धतीचा आणि पावतीचा.

१३.
म्हणूनच कायद्याने पावतीला महत्त्व दिले. फेड केली की लेखी पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि देण्याघेण्याच्या नोंदींचे पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. शेतकऱ्याचे कर्जविषयक दस्त गावपातळीवरील नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत, अशीही तरतूद होती. पुढचा तंटा मिटवण्यापेक्षा तो उद्भवूच नये, असा यामागचा विचार होता.

१४.
तिसरी पायरी हप्तेबंदीची. खरे येणे ठरल्यावर ते हप्त्यांनी, व्याजासह किंवा बिनव्याजी, फेडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकत असे. २०० रुपये एकदम मागितले तर बैलजोडी विकावी लागते, आणि बैल गेले की पुढचे पीकही जाते. तेच २० रुपयांचे दहा वार्षिक हप्ते झाले तर शेती चालू ठेवून फेड होऊ शकते. सगळे कर्ज फेडणे अशक्यच असेल, तर ठरावीक भाग घेऊन उरलेल्या देण्यातून ऋणकोला मुक्त करण्याची सोयही ठेवली होती.

१५.
हप्त्यांना अर्थ यावा म्हणून आणखी दोन संरक्षणे होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही. आणि खास गहाण न दिलेली जमीन कर्जापोटी जप्त करून विकता येणार नाही. तुरुंग आणि लिलाव यांची टांगती तलवार दूर झाल्याखेरीज कोणतीही फेडयोजना ऋणकोच्या खऱ्या संमतीने ठरू शकत नाही, हे या कायद्याने ओळखले होते.

१६.
कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले. डॉ. पोलन यांच्या हाताखाली काम केल्यानंतर १८८७ मध्ये महादेव गोविंद रानडे या पदावर आले. १८९३ मध्ये उच्च न्यायालयात नेमणूक होईपर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. गावोगावच्या न्यायालयांचे काम तपासत त्यांना वर्षातील बराच काळ फिरतीवर राहावे लागे. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या फिरतीचे दर्शन घडते. हिंदी अर्थकारणावरील रानड्यांच्या विचारामागे हा प्रत्यक्ष अनुभव होता.

१७.
कायद्याला पळवाटाही फुटल्या. गहाण नसलेली जमीन सुरक्षित झाली, तेव्हा सावकार आधीच गहाणखत मागू लागले. गहाणाचाही हिशेब न्यायालय उकरून काढू लागले, तेव्हा कर्जाच्या बदल्यात थेट खरेदीखत लिहून घेण्याची चाल पडली. कागदावर विक्री, तोंडी मात्र ‘पैसे दे, जमीन परत घे’ असा करार. दुसऱ्या बाजूने, सवलतीसाठी स्वतःला शेतकरी म्हणवून घेणारेही न्यायालयात येऊ लागले.

१८.
याहून खोल अडचण वेगळीच होती. हप्तेबंदीने जुने कर्ज आटोक्यात येई. पण पेरणीसाठी बियाणे, मेलेल्या बैलाच्या जागी नवा बैल, साऱ्याची रक्कम यांसाठी नवे पैसे कोण देणार? वसुलीची खात्री कमी झाली तसा सावकार हात आखडू लागला. सारा मात्र ठरल्या वेळी रोखीनेच भरावा लागे. दुष्काळी वर्षात न्यायालयाचा हप्ता आणि सरकारचा सारा दोन्ही दारात उभे राहिले, तर शेतकरी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जाई.

१९.
ही उणीव काहींनी वेळीच हेरली होती. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात प्रायोगिक शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. आधी जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि मग माफक व्याजाने नवे कर्ज द्यावे, असा तिचा गाभा होता. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, पण लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. रानड्यांनीही १८९१ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत, युरोपातील जमीन बँकांचे दाखले देत, पतव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा प्रश्न मांडला.

२०.
सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ मध्ये, सुप्याच्या होळीनंतर २९ वर्षांनी. त्याच सुमारास १८७९ च्या कायद्याची व्याप्ती मूळच्या चार जिल्ह्यांपलीकडे मुंबई इलाख्यात वाढवण्यात आली. पुढे १९३९ मध्ये इलाख्याने शेतकरी ऋणकोंसाठी नवा कायदा केला. त्यातही कर्जाचा खरा आकडा आधी ठरवायचा आणि मग त्याचे हप्ते पाडायचे, हाच क्रम राहिला.

२१.
सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि न्यायालय ते वाचण्यापलीकडे काही करीत नव्हते. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला कागदामागचा व्यवहार तपासण्यास भाग पाडले : खरी मुद्दल किती, वाजवी व्याज किती, आणि या माणसाला वर्षाला किती झेपेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळवता पाडलेला हप्ता म्हणजे फुगलेल्या कर्जाचे तुकडे ठरले असते. आणि पुढच्या पेरणीला पैसा कोठून येणार, हा चौथा प्रश्न अनुत्तरित राहिल्यामुळे नीट पाडलेले हप्तेही अनेक शेतकऱ्यांना पुरे पडले नाहीत.