वैऱ्याच्या वृत्तपत्रातील सत्य

कुरुंदवाडच्या उशाशी, नरसोबाच्या वाडीजवळ, पंचगंगा कृष्णेला मिळते. या संगमावरून पंचगंगेच्या काठाने वर कोल्हापूरकडे गेले असता वळिवडे लागते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तेथे पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. कुरुंदवाडात त्या वेळी पटवर्धनांचे राज्य होते आणि वळिवडे करवीर संस्थानात मोडत होते. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, १९४८ पर्यंत या परिसरात राहिली. हे लोक ज्या देशातून आले, त्या देशात शत्रूने वृत्तपत्राचे शस्त्र कसे वापरले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून गेला. दोन्ही जेत्यांनी जुनी पत्रे बंद केली. परंतु पोलिश भाषा मात्र सर्वत्र बंद केली नाही, कारण जिताचे मन वळवावयाचे तर त्याच्याच भाषेत बोलावे लागते. वॉर्सामध्ये १८२१ पासून ‘कुरिएर वार्शाव्स्की’ हे प्रतिष्ठित पत्र निघत असे. ते सप्टेंबरात बंद पडले आणि ११ ऑक्टोबरला जर्मनांनी ‘नोवी कुरिएर वार्शाव्स्की’ म्हणजे ‘नवा कुरिएर’ काढला. नाव ओळखीचे, लिपी ओळखीची. लेखणी मात्र परक्याची. त्याच महिन्यात क्राकोमध्ये ‘गोनिएत्स क्राकोव्स्की’ सुरू झाले.

लोकांनी अशा पत्रांना ‘गाजिनुव्का’ हे नाव दिले. त्या भाषेत त्याचा संबंध सरपटणाऱ्या प्राण्याशी आहे. बिस्मार्कच्या काळी विकत घेतलेल्या पत्रांना ज्या गुप्त निधीतून पैसा मिळे, त्यास ‘सरपटणाऱ्यांचा निधी’ म्हणत. त्या शिवीचाच हा वारसा. तथापि शिवी देऊनही लोक ते पत्र विकत घेत. शिधापत्रिकेवर काय मिळणार, संचारबंदी केव्हा लागणार, कोण निवर्तले, कोणती वस्तू विकावयास निघाली, हे अन्यत्र छापून येत नसे. रेडिओयंत्रे सरकारने काढून घेतली होती व चौकांतील ध्वनिक्षेपक जर्मनांचेच शब्द ओकत. भाकरीच्या बातमीआडून विष पाजावयाचे, ही ती युक्ती होती.

तिला उत्तर देणारे कमी नव्हते. ५ नोव्हेंबर १९३९ पासून ‘बियुलेतिन इन्फॉर्मात्सीनी’ हे गुप्त पत्र अलेक्सांदर कामिन्स्की यांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. युद्धकाळात पोलंडमध्ये अशी हजारांहून अधिक गुप्त पत्रे निघाली. ती छापणे अथवा वाटणे म्हणजे मृत्यूला अथवा छळछावणीला आमंत्रण होते.

पूर्व भागात सोव्हिएत सत्तेचेही पोलिश पत्र होते. ल्वूव शहरी ‘चेर्वोनी श्तांदार’, म्हणजे ‘लाल झेंडा’, लाल सेनेच्या आगमनास मुक्ती म्हणून गौरवीत असे. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटेपासून मात्र त्याच प्रदेशातील कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेली जाऊ लागली. सोव्हिएत दप्तरांनुसार ही संख्या सुमारे सव्वातीन लाख होते. मुक्तीची वर्णने करणाऱ्या पत्रास या गाड्या दिसल्या नाहीत. जुलै १९४१ मधील करारानंतर सुटलेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. वळिवड्याचे रहिवासी प्रामुख्याने तेच होत.

आता या इतिहासातील सर्वांत कठीण प्रसंग. १३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिन रेडिओने जाहीर केले की, स्मोलेन्स्कजवळ कातिनच्या अरण्यात पोलिश सेनाधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली असून ही हत्या रशियाने केली आहे. ‘नोवी कुरिएर’ने मृतांच्या नावांच्या याद्या छापावयास आरंभ केला. ज्या पत्राच्या प्रत्येक अक्षरावर अविश्वास ठेवावा असे लोक एकमेकांस शिकवीत होते, त्याच पत्रात आता पत्नीला पतीचे आणि मातेला पुत्राचे नाव शोधावे लागले.

मॉस्कोने १५ एप्रिलला आरोप जर्मनांवर उलटविला. पोलिश सरकारने रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, तेव्हा २५ एप्रिलला रशियाने त्या सरकारशी संबंध तोडले. ब्रिटन रशियाचे दोस्त होते, म्हणून त्यानेही मॉस्कोला उघड दोष देणे टाळले. ज्या अधिकाऱ्यांना १९४० च्या वसंतात ठार केले, त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे त्याच एप्रिलमध्ये कझाकस्तानला हद्दपार केलेली होती. अशा घरच्या विधवांना सत्य सांगणारा वैरी आणि ते दडपणारा मित्र, असा दुहेरी पेच पडला.

जर्मनांनी सांगितलेली ती गोष्ट खरी होती. परंतु ती सत्यप्रेमाने सांगितलेली नव्हती. याद्या छापल्या जात असतानाच, १९ एप्रिलला, वॉर्साच्या ज्यू वस्तीत उठाव झाला आणि जर्मन सैन्य ती वस्ती घरोघर जाळीत होते. त्याआधीच्या वर्षी, २२ जुलै १९४२ पासून, तेथील अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे पाठविली गेली होती. दुसऱ्याच्या खुनाकडे बोट दाखवून आपल्या खुनावर पांघरूण घालावयाचे, हाच त्या सत्यकथनाचा हेतू होता.

रशियाचे असत्य अधिक काळ टिकले. १३ एप्रिल १९९० रोजी, बर्लिनच्या घोषणेनंतर बरोबर ४७ वर्षांनी, सोव्हिएत सरकारने ही हत्या आपल्या गुप्त पोलिसांनी केल्याचे मान्य केले. ५ मार्च १९४० चा मूळ हुकूम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बळींची संख्या सुमारे बावीस हजार होती.

प्रचार म्हणजे निव्वळ खोटे, असा समज असणारा वाचक सहज फसतो. एक बातमी खरी निघाली की तो सारे पत्र खरे मानतो, अथवा वैऱ्याने सांगितले म्हणून खऱ्यालाही खोटे ठरवितो. काय छापले आहे याच्या जोडीला, त्याच दिवशी काय छापलेले नाही, हेही विचारावे लागते. वळिवड्यास आलेल्या त्या स्त्रियांच्या देशाने हा प्रश्न विचारावयास शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली.