काटा, मेण आणि गालातली हाडाची भुकटी

गेले काही दिवस एका विचित्र विषयात अडकले आहे: माणसाने सुंदर दिसण्यासाठी कातडीखाली काय काय भरलं, आणि त्यावर शरीराने काय केलं. मला यातला दुसरा भाग जास्त रंजक वाटला.

सुरुवात १८८२ सालची. मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा सिसिलीतल्या मेसिनात राहत होता. घरचे सर्कशीला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. बागेतले गुलाबाचे काटे आणून त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. पायात बाभळीचा काटा मोडून राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको म्हणा. जे गिळता येत नाही, ढकलून देता येत नाही, त्याभोवती शरीर भिंत बांधतं.

पण हे लक्षात घेतंय कोण! १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेर्सुनी या सर्जनने पॅराफिन टोचायला सुरुवात केली आणि बघता बघता नाक, गाल, स्तन सगळीकडे ते भरलं जाऊ लागलं. काही वर्षांनी गाठी आल्या, जखमा झाल्या, मेण जागा सोडून सरकलं. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची नावाजलेली सौंदर्यवती. ग्रीक पुतळ्यासारखं नाक हवं म्हणून तिने ऐन विशीत पॅराफिन टोचून घेतलं आणि मेण खाली हनुवटीकडे उतरलं. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली, पण चेहरा काही परत आला नाही.

मग सिलिकोन आलं, त्याचीही तीच रड. १९८१ साली अमेरिकेत गाईच्या कोलॅजेनला परवानगी मिळाली, तर त्याची आधी ॲलर्जी टेस्ट करावी लागे.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट या कृत्रिम खनिजाची युक्ती मला आवडली ती यासाठी, की तिने भिंतीशी भांडण मांडलं नाही, भिंतच कामाला लावली. दात-हाडांत असतं तेच हे खनिज, प्रयोगशाळेत केलेलं. गोळे गुळगुळीत, २५ ते ४५ मायक्रॉनचे, म्हणजे भक्षक पेशीला अख्खे गिळता येणार नाहीत इतपत मोठे. खडबडीत कण दाह वाढवतात, म्हणून हा गुळगुळीतपणा. गोळे जेलमधून टोचतात. जेल काही महिन्यांत विरतं, तोवर गोळ्यांभोवती नवं कोलॅजेन तयार होतं. पुढे गोळेही झिजून कॅल्शियम आणि फॉस्फेट होऊन जातात.

"मग गालात हाड नाही का गं उगवणार?" असं माझ्या मावशीने विचारलं. प्रश्न रास्तच! २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टोचल्यानंतर सहा महिन्यांनी तुकडे काढून तपासले, तेव्हा कोलॅजेन दिसलं, हाड नाही.

२००६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत रेडिएस या नावाने त्याला परवानगी मिळाली ती दोन गोष्टींसाठी: सुरकुत्या, आणि एचआयव्हीच्या रुग्णांचे खोल गेलेले गाल. ही दुसरी गोष्ट वाचून मी थांबले. स्टॅव्ह्युडिनसारखी औषधं जीव वाचवत, पण गालांतली चरबी खात. न सांगता चेहराच आजार सांगून टाकायचा. भारतात २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले, त्यातही हे औषध होतं. गोळ्या फुकट होत्या, गाल नव्हते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बंद करत जायला सांगितलं. फिलर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांना (त्यात आमच्या घरचे बरेच) मी हे ऐकवते.

भाबडेपणाही नको. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं एन्झाइम मिळतं, याचं नाही. ओठांत भरलं तर गाठी होतात, म्हणून तिथे टाळतात. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. आणि ते एक्स-रेमध्ये पांढरं दिसतं, तेव्हा कोणी टोचून घेतलं असेल तर दातांच्या डॉक्टरला आधीच सांगून ठेवा.