गावचा रस्ता रुंद होताना : ग्रामसभा, हरकती आणि मुदती

गोव्यातील ग्रामसभांत रस्ता रुंदीकरणाचा विषय निघाला की सभागृहात सहसा दोन तट पडतात. रुग्णवाहिका व बस वळावी, शाळेच्या मुलांना सुरक्षितपणे चालता यावे, असे एका बाजूचे म्हणणे असते. दुसऱ्या बाजूला अंगणातील तुळशीवृंदावन, विहीर, चिऱ्यांचे कुंपण किंवा पिढ्यान्पिढ्यांचे राहते घर जाण्याची धास्ती असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नसते. तरीही चर्चा गोंधळात संपते, कारण काम नेमके कोणते, रस्ता कोणाचा आणि हरकतीची मुदत कधी संपते, हे प्रश्न बहुधा शेवटी विचारले जातात.

काम कोणते?

असलेल्या रुंदीतच डांबरीकरण, गटार किंवा साकवाची दुरुस्ती होणार असेल, तर खासगी जमीन लागत नाही. तेथे वाद असतो तो दर्जाचा. जुना थर न खरवडता त्यावर थर चढत गेले, तर रस्ता उंच होतो, घरांची जोती खाली जातात आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी अंगणात शिरते. त्यामुळे गटाराची खोली आणि पाण्याचा उतार हे ग्रामसभेतच विचारण्याचे प्रश्न आहेत.

रुंदीकरणाची गोष्ट वेगळी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर, मध्यम रस्त्याची ५.५ मीटर आणि दुपदरी रस्त्याची ७ मीटर धरली जाते. बाजूपट्ट्या व गटारे यांना लागणारी जागा त्याखेरीज असते. म्हणूनच ‘रस्ता सात मीटरचा होणार’ एवढ्याने कोणाची किती जमीन जाणार हे कळत नाही. आराखड्यावरील एकूण रुंदी पाहावी लागते.

रस्ता कोणाचा?

अंतर्गत वाटा पंचायतीच्या, मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारच्या अखत्यारीत असतात. जमीन कोणत्या कायद्याने घेतली जाते, हे यावर अवलंबून असते.

राज्याच्या रस्त्यासाठी २०१३चा भूसंपादन कायदा लागू होतो. सर्वसाधारण परिस्थितीत त्यात आधी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन व जनसुनावणी होते. प्राथमिक अधिसूचनेनंतर हितसंबंधितांना लेखी हरकती नोंदवण्यासाठी ६० दिवस मिळतात. महामार्गासाठी १९५६चा राष्ट्रीय महामार्ग कायदा वापरला जातो. त्यात ही मुदत केवळ २१ दिवसांची आहे. पुढची घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते आणि मग वाद मुख्यतः मोबदल्यापुरता उरतो.

ग्रामसभेचे बळ आणि मर्यादा

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी साधारण ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर हे विशेष सभांचे दिवस आहेत. मेच्या आरंभी महामार्गाची अधिसूचना निघाली, तर जुलैची सभा भरेपर्यंत २१ दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. अशा वेळी तातडीने विशेष सभेची मागणी करणे आणि तिची वाट न पाहता प्रत्येकाने आपली हरकत स्वतंत्रपणे दाखल करणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

ग्रामसभेच्या ठरावाने भूसंपादन आपोआप थांबत नाही. २०१३च्या कायद्यातील ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अट अनुसूचित क्षेत्रांपुरती आहे आणि गोव्यात असे क्षेत्र नाही. ठराव गावाचे मत नोंदवतो. सुनावणीचा हक्क मात्र मुदतीत दिलेल्या लेखी हरकतीने मिळतो.

एकाच महामार्गावरील दोन वाद

पणजी–बेळगाव महामार्गावरील भोम गावात चौपदरीकरणाला रहिवाशांनी विरोध केला. गाव दुभंगेल, घरे व देवस्थाने बाधित होतील, म्हणून बगलमार्ग काढा, अशी त्यांची मागणी होती. सरकारकडून उन्नत मार्गाचा पर्याय मांडण्यात आला. याच मार्गाच्या बेळगाव टोकाला हलगा–मच्छे बगलमार्गाला शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण तेथे सुपीक शेतजमीन जात होती. एका गावाने मागितलेला उपाय दुसऱ्या गावाचे संकट ठरला. रस्ता सरकवल्याने नुकसान संपत नाही, ते दुसऱ्याच्या दारात जाते. त्यामुळे पर्याय मागताना तो कोणाच्या जमिनीतून जाईल, याचेही उत्तर गावाजवळ असावे लागते. आणि पर्याय का नाकारला, याचे उत्तर अधिकाऱ्यांनी लेखी द्यावे, ही अपेक्षा रास्त ठरते.

घरात कोणते कागद हवेत?

पहिला कागद एक-चौदाचा उतारा आणि सर्वेक्षण नकाशा. आखणी आपल्या सर्वे क्रमांकातून जाते का, हे त्यावरून पडताळता येते. मूळ मालकाच्या पश्चात वारसांची नावे उताऱ्यावर चढलेली नसतील, तर मोबदला अडकून पडू शकतो. दुसरा प्रश्न मुंडकारांचा. भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्या कुटुंबाने १९७५च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदारांकडे नोंदणी केलेली नसेल, तर घर मोडताना आपला हक्क सिद्ध करणे त्याला अवघड जाते. नुकसान सर्वांत मोठे आणि कागद सर्वांत कमी, अशी या कुटुंबांची स्थिती असते.

कुंपण मागे घेण्यासाठी तोंडी संमती मागितली जाते, तेव्हा किती जागा जाणार, भिंत कोण बांधून देणार आणि केव्हा, हे लिहून घ्यावे. झाडे तोडायची असतील, तर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. ती घेतली आहे का, हेही विचारावे.

अधिकाऱ्यांनी आराखडा ग्रामसभेत भिंतीवर लावला, जागेवर खुणा केल्या आणि मुदतीची तारीख ठळकपणे कळवली, तर बरेच गैरसमज तेथेच मिटतात. तो आराखडा न आल्यास, आवाज चढवण्याआधी रहिवाशांनी लेखी अर्ज करून त्याची प्रत मागावी.