ट्राम आली आणि सुई अलिबागला गेली

मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवरची पहिली ट्राम धावली. घोड्यांच्या ट्रामला कंटाळलेल्या शहराला तिचं कौतुक वाटलं असणार. पण ती येणार हे ठरल्यापासूनच कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेपुढे पेच उभा राहिला होता. ट्रामला वरच्या तारेतून मिळालेली वीज रुळांवाटे परत जाते आणि जाता जाता तिचा काही भाग जमिनीत झिरपतो. त्या झिरपलेल्या प्रवाहाचंही चुंबकीय क्षेत्र असतं. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल साठेक वर्षं नोंदवत आलेल्या वेधशाळेला असा शेजार परवडणारा नव्हता. ट्राम काही थांबणार नव्हती. मग चुंबकीय उपकरणांनीच बिऱ्हाड हलवलं आणि ती समुद्रापलीकडे आमच्या अलिबागला आली.

मी अलिबागची. काम सॉफ्टवेअर चालतं ठेवण्याचं: सर्व्हर, डेटाबेस, रात्री-अपरात्री वाजणारे अलर्ट. आमच्या धंद्याला हल्ली ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ असं भारदस्त नाव आहे. ते गूगलमध्ये २००३ च्या सुमारास रुजलं. त्यामुळे हे सगळं शास्त्र आपल्याच पिढीने काढलं, अशी अनेकांची समजूत असते. माझ्या हाताखाली नवीन मुलं आली की मी त्यांना पुस्तकाआधी या वेधशाळेची गोष्ट सांगते. किनाऱ्यावर कुलाबा किल्ला बघायला येणारे हजारो लोक तिच्या आसपासून जातात. आत काय चालतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या कुलाब्यात. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा बांधली ती खगोलाच्या वेधांसाठी आणि जहाजांना लागणाऱ्या अचूक वेळेसाठी. १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी जगभरच्या वेधशाळांना एका सूत्रात बांधायचं ठरवलं होतं. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एकाच क्षणी सुई वाचायची, आणि तो क्षण गॉटिंगेनच्या घड्याळावरून मोजायचा. कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई इथून या मोहिमेत भाग घेतला. आज आमचे सर्व्हर मुंबईत असोत की फ्रँकफर्टमध्ये, लॉगमधली वेळ आम्ही एकाच घड्याळाची ठेवतो. तसं केलं नाही तर आधी काय बिघडलं आणि नंतर काय, हेच कळत नाही. गाउसलाही तेच हवं होतं.

या कामात आमच्या किनाऱ्याचा एक माणूस अगदी सुरुवातीपासून होता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, अलिबागजवळच्या नागावचे. चुलते बापू छत्रे यांच्याकडे ते मुंबईत शिकायला गेले. वेधशाळा सांभाळणारे प्राध्यापक ऑर्लिबार यांनी त्यांची हुशारी हेरली आणि १८४० च्या सुमारास, मिसरूड फुटायच्या वयात, त्यांना मदतनीस म्हणून घेतलं. पुढे ते पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, टिळकांचे गुरू झाले, १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. पण त्याआधीची सुमारे दहा वर्षं आकडे वाचणं, लिहिणं, पुन्हा तपासणं यातच गेली. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे अलर्ट बघणाऱ्या पोराला ‘फक्त सपोर्टवाला’ म्हणतात. मी म्हणते, केरूनानाही आधी सपोर्टलाच होते.

त्या वेधशाळेत नोंदी कशा घ्यायच्या याचा नियम ठरलेला होता. शांत दिवशी तासातासाला वाचन. सुई नेहमीपेक्षा जास्त हलू लागली की पंधरा मिनिटांनी, गरज पडली तर पाच मिनिटांनी. हा नियम कामाला आला २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांमध्ये एक लखलखाट दिसला होता. सतराएक तासांत त्याच्या मागोमाग आलेला लोट पृथ्वीवर आदळला. अमेरिकेत तारायंत्रावरच्या माणसांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या त्या वादळाने तारेत आलेल्या विजेवर संदेश पाठवले. कुलाब्यात तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला आणि लगेच सावरूही लागला. एरवी दिवसभरातला चढउतार पन्नासेक नॅनोटेस्लांचा असतो. समोर काय घडतंय, हे वाचन घेणाऱ्याला कळायचं काही साधन नव्हतं. त्याने नियमाप्रमाणे वाचनं वाढवली आणि आकडे लिहिले, बस्स.

हे आकडे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी नव्याने उजेडात आले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखीना आणि शोभना अॅलेक्स यांनी ते पुन्हा मांडले आणि त्या वादळाची तीव्रता जगापुढे आली. इथे आमच्या धंद्यासाठी एक टोचणारी गोष्ट आहे. तासाची सरासरी काढली तर तीच घसरण जवळजवळ निम्मी दिसते. म्हणजे वहीत नुसती सरासरी उरली असती तर वादळाचा कणाच मोडला असता. सर्व्हरचे आकडे साठवायला १९९९ पासून आम्ही वापरत आलेलं आरआरडीटूल नेमकं हेच करतं. जागा वाचवायची म्हणून जुन्या आकड्यांच्या सरासऱ्या करतं आणि मूळ आकडे टाकून देतं. आजचं लाडकं प्रोमिथियस तर काही सांगितलं नाही तर पंधरा दिवसांपलीकडचं ठेवतच नाही. नवीन यंत्रणा उभी करताना ही मुदत कोणी मुद्दाम ठरवलेली असते का, हे मी आधी विचारते. बहुधा नसते.

१८७० च्या दशकात कुलाब्यात डोळ्यांच्या जागी फोटोग्राफी आली. टांगलेल्या चुंबकावर आरसा, आरशावर दिव्याची तिरीप, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या रिळावर फोटोचा कागद. आता रात्रीही नोंद तुटत नसे. पण ही रेघ फक्त बदल दाखवते, मूळ किंमत सांगत नाही. धाग्याचा पीळ सैल झाला, खोली तापली, की पृथ्वी जिथल्या तिथे असतानाही रेघ सरकते. म्हणून ठरावीक दिवशी माणसाने वेगळ्या उपकरणाने स्वतः खरी किंमत मोजायची आणि रेघेची पायरेषा तिच्याशी जुळवून घ्यायची. ही पद्धत आजही चालू आहे. मोजणारा जाताना घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल बाहेर ठेवून जातो. आमचे डॅशबोर्डही असेच सरकतात. सगळं हिरवं दिसतं आणि गिऱ्हाइकाचे पैसे मात्र अडकलेले असतात. माझ्या टीममध्ये ठरलेल्या दिवशी एक जण साध्या फोनवरून, साध्या नेटवर, गिऱ्हाईक होऊन पूर्ण व्यवहार करून बघतो. डॅशबोर्ड त्याच्याशी जुळला तर ठीक, नाहीतर डॅशबोर्ड खोटा.

आता स्थलांतर. वेधशाळेचे संचालक तेव्हा डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस होते. १८९६ पासून ते या पदावर होते आणि तिथवर पोचलेले पहिले भारतीय. असा प्रसंग फक्त मुंबईवर आला होता असं नाही. टोरांटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळेच १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला गेली होती. पुढे लंडनजवळच्या क्यूचं काम १९०८ मध्ये स्कॉटलंडातल्या एस्कडेलम्यूरला गेलं. मूस यांनी जागा निवडली ती अलिबागची, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर. पुरेशी लांब, म्हणजे ट्राम पोचणार नाही, आणि पुरेशी जवळ, म्हणजे जुन्या नोंदींशी नातं तुटणार नाही.

बांधकामात त्यांनी जी काळजी घेतली ती वाचताना मला हेवा वाटतो. आमच्याकडचा काळा पाषाण स्वतःच थोडाफार चुंबकीय असतो. ज्या दगडाचा कुलाबा किल्ला, ज्या दगडाची आमची जोती, तो इथे चालणार नव्हता. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, आधी तपासून घेतला, मगच लावला. लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. उपकरणांची खोली अशी बांधली की तापमान फारसं हलू नये.

आणि मग त्यांनी ते केलं ज्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगते. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. नव्या जागेचा आकडा जुन्यापेक्षा किती वेगळा आहे, तो फरक ऋतूंप्रमाणे, दिवस-रात्रीप्रमाणे बदलतो का, हे त्यातून कळतं. एकदा तो फरक हाती आला की १८४० च्या दशकातली नोंद आणि आजची नोंद एकाच माळेत ओवता येते. त्या दोन वर्षांच्या पोटातच १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबई महापालिकेने तर पुढे जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःचंच घड्याळ धरून ठेवलं. जागा बदलताना घड्याळही बदललं की काय होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

दोन वर्षं दोन बिऱ्हाडं म्हणजे दुप्पट माणसं, दुप्पट कागद, दुप्पट खर्च. आमच्याकडे हाच खर्च सर्वांत आधी कापला जातो. एका कंपनीत मी डेटाबेस हलवण्याच्या योजनेत जुनं आणि नवं सहा आठवडे एकत्र चालवायची तरतूद केली होती. वरून उत्तर आलं, शनिवार-रविवारात उरका, सोमवारी जुने सर्व्हर परत करायचेत. सोमवारी सगळं चालू होतं, त्यामुळे सगळे खूश. तीन महिन्यांनी विक्रीच्या आलेखात एक पायरी दिसली. विक्री खरंच घटली की मोजायची पद्धत बदलली, हे सांगायला जुनं काही उरलंच नव्हतं. बैठका पुष्कळ झाल्या. उत्तर आजही नाही.

मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी, त्यांच्यावरच्या चर्चेसकट, १९१० मध्ये छापून काढल्या. उपकरणं बंद करण्याचं काम त्यांच्या दृष्टीने तेव्हा पुरं झालं असावं. यंत्र हलवलं म्हणजे स्थलांतर झालं, असं आम्ही मानतो. त्यांच्या लेखी जुन्या आकड्यांचा हिशेब दुसऱ्याला वाचता येईल अशा रूपात देणं हाही त्याच कामाचा भाग होता. तो ग्रंथ नसता तर पुढच्यांना वह्यांच्या ढिगात पायरेषा शोधत बसावं लागलं असतं.

जागा सोडायचा निर्णय किती बरोबर होता, हे नंतर दिसलं. १९२५ मध्ये मुंबईत विजेची लोकल सुरू झाली, १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली मार्गावरही आली. तीही रुळांतून प्रवाह परत करणारी. अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. थळच्या खत कारखान्याची मालगाडी तेवढी आहे. गावकऱ्यांना याचं दुःख आहे, मलाही मुंबईला जाताना असतं. पण सुईचं त्याने भलं झालं. १९७१ पासून हे काम स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. अलिबागचे आकडे आता डिजिटल उपकरणांतून येतात आणि इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात जातात. १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली होती. असं पुन्हा झालं तर किती मोठं असू शकेल, याचा अंदाज बांधताना आजचे अभियंते १८५९ च्या त्या सकाळकडेच वळतात.

माझ्या टीमला मी आता तीनच प्रश्न विचारते. जुनं आणि नवं एकत्र किती दिवस चालणार? दोघांतला फरक कोण, कुठे लिहून ठेवणार? आणि आपण सगळे नोकरी सोडून गेल्यावर तो कागद कोणाला सापडेल? पहिल्याचं उत्तर ‘एक शनिवार-रविवार’ असं आलं तर मी मंजुरीची सही करत नाही. वाद होतात, खर्चाचा तक्ता पुढे येतो. तेव्हा मी मूस यांचं उदाहरण देते. त्यांच्याकडे ना क्लाउड होता, ना आमच्यासारखी फुकटातली साधनं, आणि खर्च त्यांनाही सरकारकडूनच मंजूर करून घ्यायचा होता. तरी त्यांनी दोन वर्षं मिळवली. आम्ही निदान सहा आठवडे मागायला हवेत, आणि मिळेपर्यंत मागत राहायला हवेत.