सीनेच्या आणि ओझामाच्या काठी

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव जिल्ह्याने मराठवाड्याचे. परंतु त्याचा नित्याचा संबंध नगरशी अधिक. २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टी ते अहमदनगर ही रेल्वे सुरू झाली आणि हा संबंध आणखी दृढ झाला. २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. बाजारहाट, दवाखाना, मुलांचे शिक्षण अशा निमित्तांनी आपण तेथे जातो. परंतु एके काळच्या राजधानीचे दर्शन घ्यावे, या हेतूने जाणारे विरळाच.

सीना नदीच्या काठी मलिक अहमद निजामशहाने इ. स. १४९० नंतरच्या काही वर्षांत हे शहर वसविले. भुईकोट किल्ल्याचा आजचा दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढविला तो हाच किल्ला. १६०० साली ती मारली गेली आणि किल्ला अकबराच्या फौजेच्या हाती पडला. शहरातील दमडी मशिदीविषयी अशी आख्यायिका आहे की, किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी एकेक दमडी बाजूला काढून ती उभारली. आख्यायिका खरी असो वा नसो, राजाचा तट बांधणाऱ्या हातांचे स्मरण तिने ठेवले आहे.

राजधानी पडली, पण राज्य बुडाले नाही. ते सावरणारा पुरुष आफ्रिकेतून आला होता. मलिक अंबरचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान व बगदाद येथील बाजारांतून फिरत तो अखेर दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवा स्वतःही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, शिपाईगिरी करीत वर चढला आणि १६०० साली त्याने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले. पुढे पाव शतक राज्याचा खरा सूत्रधार तोच होता. त्याने खडकी हे नगर वसविले, त्याला नहरीने पाणी आणले आणि जमिनीच्या महसुलाची घडी बसविली. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत धारातीर्थी पडले. हे भातवडी, आजचे भातोडी, कडेकरांना काही दूरचे नाही.

आता दृष्टी जरा दूर, पश्चिमेकडे वळवू. नगर वसले त्याच दशकात, १४९२ साली, कोलंबस कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर पोहोचला. त्या बेटावर ओझामा नदीच्या मुखाशी सान्तो दोमिंगो हे शहर उभे राहिले. १४९६ च्या सुमारास त्याची स्थापना झाली आणि १५०२ साली ते नदीच्या पश्चिम तीरावर हलविले गेले. आज ते डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी आहे. अमेरिका खंडातील सर्वांत जुने कॅथेड्रल तेथेच आहे. १९९० साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

परंतु त्या सुंदर चिरेबंदी रस्त्यांमागे उसाचा फड आहे. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस तेथे नेला. मूळचे ताईनो लोक सक्तीच्या श्रमांनी व रोगराईने झपाट्याने नष्ट होत गेले, तेव्हा त्यांच्या जागी आफ्रिकेतून माणसे आणली गेली. १५२१ च्या नाताळात कोलंबसाचा मुलगा दिएगो याच्या उसाच्या मळ्यावरील गुलामांनी बंड केले. ते काही दिवसांतच चिरडण्यात आले. पुढील साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक पार करणाऱ्या जहाजांत कोंबले गेले. गुलामाची आणि मजुराची तुलना करू नये. तरीही कोयता घेऊन दर वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्याला साखरेच्या गोडीमागचे कष्ट वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच शहरात एक वेगळा आवाजही उठला. २१ डिसेंबर १५११ रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूने सरदार-अधिकाऱ्यांसमोर प्रवचन केले आणि ताईनो लोकांवरील जुलमाबद्दल त्यांना उघडपणे जाब विचारला. श्रोते संतापले, तक्रारी राजापर्यंत गेल्या. धर्मगुरू मात्र आपल्या शब्दांवर ठाम राहिला. आज समुद्रकिनारी त्याचा भव्य पुतळा आहे. तरीही इतिहासाची दुसरी बाजू विसरता येत नाही. ताईनोंचे कैवारी बार्तोलोमे दे लास कासास यांनीच प्रारंभी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्यांना तिचा तीव्र पश्चात्ताप झाला. आपल्याकडे गोव्यात आणि चौलातही पोर्तुगीज घरांतून आफ्रिकी गुलाम राबत होते. बाप्तिस्मा मिळाल्याने त्यांच्या पायातील बेडी तुटत नव्हती.

म्हणजे एकाच भूमीची लेकरे पूर्वेला आणि पश्चिमेला विकली गेली. दख्खनमध्ये गुलामाला तलवार मिळू शकत होती आणि तिच्या बळावर पदही. कॅरिबियनमध्ये त्याच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या ऊसच आला. म्हणून दख्खनमधील गुलामगिरीला आपण पुण्य मानू नये. अंबरच्या कर्तृत्वाने त्याचे हिरावलेले बालपण परत आले नाही, आणि त्याच्यासारखा एक वर चढला तेव्हा असंख्य जण निनावीच राहिले.

फेब्रुवारी १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल सेनेगलच्या गोरे बेटावर गेले. गुलामांना जेथून जहाजात चढवीत असत, त्या जागी त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सान्तो दोमिंगोला गेले.

कॅरिबियनचा प्रवास आपल्यापैकी थोड्यांनाच घडेल. नगरचा मात्र घडतोच. पुढच्या खेपेस काम आटोपल्यावर एक तास राखून ठेवावा, मुलांना किल्ल्याचा तट दाखवावा आणि जमल्यास भातोडीची वाट धरावी. खुलताबादेत अंबरची कबर आहे, तिची माहिती फलकावर मिळेल. पण या तटाचे दगड कोणी वाहिले, हा प्रश्न मुलांनी विचारला, तर त्यांना गप्प करू नये.